भुतांना हसविणारा कवी : सुकुमार राय

मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगाव्यात की नाही, हा वाद आपल्या घराघरांतून फार जुना आहे. मूल झोपत नाही म्हणून जी आई बागुलबुवाला हाक मारते, तीच आई दुसऱ्या दिवशी माजघरातून पाण्याचा तांब्या आणावयास मूल घाबरते म्हणून त्याच्यावर रागावते. शिकल्यासवरल्या आया याच्या अगदी उलट वागतात. भूत हा शब्दच घरात उच्चारावयाचा नाही, असा त्यांचा नियम असतो. परंतु मुले चौथी-पाचवीत गेली की आपली भुते आपणच शोधून काढतात. शाळेमागचे चिंचेचे झाड, पडक्या वाड्याची ओसरी, जिन्याखालची अडगळ यांपैकी एखादी जागा त्यांना पुरते. या वयाच्या मुलांना भीती हवी असते आणि त्याच भीतीची खोड मोडावी असेही वाटत असते. मुलांच्या मनाची ही गरज ज्यांनी अचूक ओळखली आणि भुतांनाच हसावयास लावले, अशा एका बंगाली कवीची ओळख या स्मरणिकेतून भगिनींना करून द्यावी, असे मला वाटले. त्यांचे नाव सुकुमार राय.

चित्रपटामुळे सत्यजित राय हे नाव आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. त्यांचे हे वडील. बंगालमध्ये मात्र वडिलांची ओळख मुलावरून करून द्यावी लागत नाही. यजमानांच्या नोकरीमुळे मी काही वर्षे कलकत्त्यास होते. तेथे बंगाली वाचावयास शिकले ती सुकुमार रायांच्या कवितांवरच. अक्षरओळख पुरी होण्याच्या आधीच शेजारची मुले त्या कविता मला तोंडपाठ म्हणून दाखवीत. आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच खोलीत बसून एकच कविता म्हणत आहेत आणि तिघेही सारखेच हसत आहेत, हा प्रकार मी तेथे पाहिला.

सुकुमार रायांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यास झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मूळचे पूर्व बंगालमधील मैमनसिंगकडच्या मसुआ गावचे. ते लेखक, चित्रकार, व्हायोलिन वाजविणारे आणि छपाईच्या तंत्रातील मोठे जाणकार होते. मुलांसाठी लिहिणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. आई विधुमुखीदेवी या द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. द्वारकानाथ हे ब्राह्मसमाजातील कडवे सुधारक. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जन्मभर झुंज दिली.

या घराचा आणखी एक धागा आपल्याला जवळचा वाटेल. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी गांगुली या सुकुमारांच्या सावत्र आजी. १८८३ साली कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक होत. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कादंबिनीबाईंनी कलकत्त्यास वैद्यकीचा अभ्यास पुरा केला आणि पुढे अनेक वर्षे रोग्यांना तपासले. आजी डॉक्टर, आजोबा सुधारक, वडील चित्रकार आणि समोर ब्राह्मसमाजाचे मंदिर अशा वातावरणात हा मुलगा वाढला. मुलींनी शिकावे की नाही, असा प्रश्नच त्या घरात उरला नव्हता. थोरली बहीण सुखलता आणि धाकटी पुण्यलता या दोघीही पुढे लेखिका झाल्या. रवींद्रनाथांच्या ‘राजर्षी’ कादंबरीत हासी आणि ताता अशी दोन भावंडे आहेत. त्यांच्यावरून सुखलतेला हासी आणि सुकुमारांना ताता असे घरात म्हणत.

पुण्यलताबाईंनी आपल्या बालपणाच्या आठवणींचे एक सुंदर पुस्तक लिहिले आहे. त्यातला दादा मला फार आवडतो. वडिलांच्या संग्रही प्राण्यांच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्यातली चित्रे दाखवीत सुकुमार धाकट्या भावंडांना गोष्टी सांगत. चित्रे संपली तरी गोष्टी संपत नसत. मग पुस्तकात नसलेले प्राणी बाहेर पडत. एक होता भवंदोला. तो इतका लठ्ठ की थपथप पावले टाकीत डुलत चाले. दुसरा मंतुपाइन; त्याची मान लांब आणि बारीक, ती गुंडाळून तो तिची गाठ मारून ठेवी. तिसरा कंपू. त्याचे तोंड वाटोळे, डोळे बटबटीत, आणि अंधाऱ्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात तो भिंतीच्या खिळ्याला वटवाघळासारखा लटकत असे. भावंडे भीत आणि हसत, दोन्ही एकदम. अंधारा व्हरांडा तर प्रत्येक घरात असतोच. या मुलाने त्या अंधारात एक प्राणी बसविला, त्याला नाव दिले आणि खिळ्याला टांगून ठेवले! नाव मिळालेले भूत निम्मे माणसाळते, हे त्याला त्या वयातच उमगले असावे.

याच बहिणीने राग घालविण्याच्या एका खेळाचीही हकीकत सांगितली आहे. कोणाचा राग आला आणि त्याचे काही वाकडे करता येत नसले, की सुकुमार त्या माणसाविषयी गोष्ट रचावयास लागत. त्याची कशी फजिती झाली, तो कसा तोंडघशी पडला, असे एकेकाने पुढे पुढे रचीत जावयाचे. मात्र त्याला इजा व्हावी असे काही कोणी घालावयाचे नाही. फजिती तेवढी व्हावयाची. गोष्ट संपेपर्यंत सगळी हसून लोटपोट होत आणि राग कोठल्या कोठे पळून जाई. भीती आणि राग ही मुलांच्या मनातली दोन मोठी भुते. या मुलाने ती दोन्ही घरातल्या घरात, कोणाला न दुखविता काढावयास आरंभ केला होता.

वयाच्या आठव्या वर्षी नदीवर लिहिलेली त्यांची एक कविता ‘मुकुल’ नावाच्या मुलांच्या मासिकात छापून आली. पण पुढचा अभ्यास शास्त्राचा झाला. १९०६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन ते ऑनर्ससह बी. एस्सी. झाले. त्याच सुमारास त्यांनी घरची मंडळी आणि मित्र जमवून ‘नॉनसेन्स क्लब’ काढला. त्याचे हस्तलिखित मासिक होते ‘साडे बत्रिश भाजा’. बत्तीस जिनसांचा भाजका चिवडा कलकत्त्याच्या रस्त्यावर विकला जाई. या क्लबासाठी त्यांनी नाटके लिहिली. त्यांतल्या ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’मध्ये रामायणातली थोर मंडळी कलकत्त्याच्या साध्या गृहस्थांसारखी कुरकुरतात आणि कामचुकारपणा करतात. शास्त्र शिकलेल्या माणसाने असला पोरकटपणा करावा, याचे आपल्याकडे नवल वाटेल. मला मात्र वाटते की, जग नियमाने कसे चालते हे ज्याला नीट कळले, तोच नियम मोडण्याची गंमत नेमकेपणाने करू शकतो.

१९११ साली कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले. लंडनमध्ये आणि नंतर मँचेस्टरमध्ये त्यांनी छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि शिळाछाप यांचा अभ्यास केला. उपेंद्रकिशोरांनी हाफटोन छपाईत स्वतःच्या संशोधनाने नाव मिळविले होते. छायाचित्रातील काळ्यापांढऱ्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडून त्या कागदावर उतरवावयाच्या, अशी ही विद्या आहे. वर्तमानपत्रातले जुने चित्र भिंगाखाली धरले तर हे ठिपके आपल्यालाही दिसतात. मुलाने वडिलांचे हे काम पुढे नेले; या विषयावरील त्यांचे लेख विलायतेतील धंद्याच्या वार्षिकांत छापले गेले. रवींद्रनाथ त्या वेळी लंडनमध्ये होते. नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीच तेथील मंडळींना रवींद्रनाथांच्या काव्याची ओळख करून देणारे एक व्याख्यान सुकुमारांनी दिले होते.

ते विलायतेत असतानाच १९१३ साली वडिलांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे बातमी आणि संदेश म्हणजे मिठाई; मासिकात दोन्ही असावयाचे! त्याच वर्षी सुकुमार परत आले आणि डिसेंबरमध्ये सुप्रभादेवींशी त्यांचा विवाह झाला. सुप्रभादेवींचा गळा फार गोड होता. गडपार रस्त्यावरील शंभर नंबरच्या नव्या घरात रायमंडळींचा संसार आणि ‘यू. राय अँड सन्स’ हा छापखाना दोन्ही एकत्र नांदू लागले. पुढे ‘मंडे क्लब’ निघाला. बंगाली मंडळी त्याला ‘मंडा क्लब’ म्हणत, कारण तेथे चर्चेइतकेच मंड्याकडेही, म्हणजे मिठाईकडेही लक्ष असे. प्रशांतचंद्र महालनोबीस आणि सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासारखी पुढे देशभर गाजलेली मंडळी त्यात होती.

हे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. डिसेंबर १९१५ मध्ये उपेंद्रकिशोर वारले. त्या वेळी सुकुमार अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. छापखाना, एकत्र कुटुंब आणि ‘संदेश’ या सर्वांचा भार त्यांच्यावर आला. दरमहा अंक निघालाच पाहिजे. कविता कमी पडल्या की कविता लिहावयाच्या, गोष्ट हवी असेल तर गोष्ट. शास्त्राचे लेख, कोडी, थोरांची चरित्रे आणि चित्रेही काढावयाची. त्यांचे बहुतेक सारे लेखन अशा मासिकाच्या निकडीतून झाले आहे. एकांताची वाट पाहत ते बसले नाहीत. घरसंसार सांभाळून लिहिणाऱ्या आपणा स्त्रियांना हे ऐकून धीर यावा.

आता त्यांच्या भुतांकडे वळते. बंगाल हा भुतांचा समृद्ध प्रांत आहे. आपल्याकडे मुंजा, हडळ, गिऱ्हा आणि वेताळ, तसे तिकडे ब्रह्मदैत्य, शाकचुन्नी, पेत्नी आणि मासे पळविणारे मेछो भूत. उपेंद्रकिशोरांनीच १९१५ साली ‘संदेश’मध्ये गुपी आणि बाघा यांची गोष्ट लिहिली होती. बेसूर गाणारा एक आणि ढोल बडविणारा दुसरा, या दोघांना भुतांचा राजा वर देतो, अशी ती कथा. सत्यजितांनी तिच्यावर १९६९ साली चित्रपट काढला. म्हणजे भुतांशी सलोखा या घरात पिढीजात होता. सुकुमारांनी त्याला कवितेचे रूप दिले.

त्यांच्या ‘आबोल ताबोल’ या संग्रहात ‘भुतुडे खेला’ नावाची कविता आहे. चांदण्या रात्री, चष्मा न लावता, स्वच्छ डोळ्यांनी भुताचे पोर खेळताना पाहिले, असे कवी शपथेवर सांगितल्यासारखे सांगतो. पोराजवळ त्याची आई आहे. ती त्याला मांडीवर घेऊन लाडकी नावे ठेवते आहे. नावे तरी कसली! निम्म्या शिव्या आणि निम्मा लाड. त्यांत स्वयंपाकघर आले, अवेळी आलेला पाऊस आला आणि खट्याळपणाचे सगळे प्रकार आले. मुले ती नावे ऐकून हसतात. आपण आया ऐकतो तेव्हा आपल्याला आपलेच शब्द ऐकू येतात. लाडक्या लेकराला गाढवा आणि माकडा म्हणणारी आई भुतांतही आहे, एवढेच कवीला दाखवावयाचे आहे. ज्या भुताला आई आहे, त्याला कोण कशाला भिईल?

दुसरी कविता ‘भय पेयो ना’, म्हणजे भिऊ नकोस. तिच्यातला शिंगवाला, हातात सोटा घेतलेला राक्षस वाटसरूला समजावतो आहे. आपण किती प्रेमळ आहोत, आपला सोटा किती हलका आहे, आपल्या बिळात राहावयास आल्यास किती पाहुणचार करू, असे तो परोपरीने विनवितो. तरी माणूस भितोच. शेवटी राक्षसाचा संयम सुटतो आणि तो बजावतो की, विनाकारण भ्यायलास तर मी, माझी बायको आणि माझे नऊ मुलगे मिळून तुला चावू! मोठी माणसे मुलांना धाक घालून निर्भय करू पाहतात, त्या पद्धतीची एवढी सुंदर थट्टा मी दुसरीकडे वाचलेली नाही. घाबरलास तर मार खाशील, असे आपणही किती वेळा म्हणतो!

‘छायाबाजी’ ही आणखी एक. तिच्यातला गृहस्थ सावल्या पकडून विकतो. कोठल्या झाडाची सावली कोठल्या दुखण्यावर चालते, हे तो वैद्याच्या थाटात सांगतो. पपईची सावली चांदण्यात पकडून हुंगली तर सर्दी जाते. कडू झाडांच्या सावल्या खाल्ल्या तर गाढ झोप लागते. बाटलीचा भाव चौदा आणे! मुलांना सावलीची भीती वाटते. कवीने तिला किंमतीची चिठ्ठी लावून दुकानात मांडली. हा कवी दिवसभर छापखान्यात छायाप्रकाशाचे ठसे करीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या कवितेची गंमत दुणावते. सावल्या पकडून कागदावर बसविणे हाच तर त्यांचा धंदा होता.

त्यांची विचित्र जनावरे तर बंगाली भाषेत कायमची राहावयास आली आहेत. १९१५ साली ‘संदेश’मध्ये आलेल्या ‘खिचुडी’ या कवितेत व्याकरणाच्या संधीप्रमाणे प्राण्यांचे संधी झाले आहेत. बदक आणि साळू मिळून हांसजारू, बगळा आणि कासव मिळून बकच्छप, हत्ती आणि देवमासा मिळून हातिमी. ‘किंभूत’ या कवितेतल्या प्राण्याला प्रत्येकाचे काही ना काही हवे असते. कोकिळेचा गळा, पाखराचे पंख, हत्तीचे सुळे. सर्व मिळते, आणि मग आपण नेमके कोण, हेच त्याला कळेनासे होते. ‘रामगरुडेर छाना’मधील पिल्लांना हसावयास सक्त मनाई आहे, वाऱ्याने गुदगुल्या होतील म्हणून ती झाडांजवळही जात नाहीत. या पुस्तकातले खरे भीतिदायक प्राणी कोणते, असे मला विचाराल, तर मी या न हसणाऱ्या पिल्लांकडे बोट दाखवीन.

आपल्या मंडळाच्या बालविभागात मुलांना गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. तेथे मी या कवितांचा आशय माझ्या साध्या मराठीत सांगते. त्यावर एका सुशिक्षित पालक भगिनीने हरकत घेतली होती. विज्ञानाच्या काळात मुलांना भुते कशाला, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा गैर नाही. परंतु ज्या कवीविषयी आपण बोलत आहोत, तो स्वतः विज्ञानाचा पदवीधर होता, मूर्ती आणि मंत्रतंत्र न मानणाऱ्या ब्राह्मसमाजाचा तो तरुण पुढारी होता, आणि ज्या ‘संदेश’मध्ये भुते नाचत, त्याच ‘संदेश’मध्ये तो यंत्रांवर आणि जीवसृष्टीवर लेख लिहीत असे. भूत नाही, असे दहा वेळा सांगूनही अंधारात मुलाचे काळीज धडधडतेच. ते धडधडणे खरे असते. तेथे युक्तिवाद पोहोचत नाही. हसू मात्र पोहोचते. चौथी-पाचवीतले मूल भुताच्या कवितेला हसते, तेव्हा भूत खोटे आहे हे ते आपल्याला न सांगताच जाणत असते. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी मुलांसाठी ‘पिशीमावशी आणि तिची दुनिया’ लिहिली, तिच्यामागेही मला हीच समज दिसते.

आता चरित्रातला दुःखाचा भाग आला. २ मे १९२१ रोजी सत्यजितांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी सुकुमारांना काळा आजार जडला. हा ताप वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. प्लीहा आणि यकृत वाढतात, रक्त आटते, माणूस महिनोन्‌महिने झिजत जातो. बंगाल आणि आसाम या प्रांतांत त्याने तेव्हा गावेच्या गावे बसविली होती. त्यावरील युरिया स्टिबामाइन हे औषध डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यातच १९२० साली तयार केले होते, आणि पुढे त्याने असंख्य प्राण वाचविले. सुकुमारांच्या बाबतीत मात्र उतार पडला नाही. हवापालटासाठी त्यांना गिरिडीहला आणि गंगेकाठी सोदपूरला नेले. सत्यजितांना वडिलांची जी एक-दोन पुसट स्मरणे राहिली, त्यांपैकी एक सोदपूरचे आहे. खिडकीशी बसून वडील चित्र काढीत आहेत आणि बाहेर नदीतून आगबोट जात आहे.

या अडीच वर्षांच्या आजारपणातच त्यांचे उत्तमोत्तम लेखन झाले, हे वाचून मन थक्क होते. ‘हजबरल’ ही रुमालाचे मांजर होऊन सुरू होणारी अजब कथा १९२२ सालची. हेशोराम हुशियार या शिकारी शास्त्रज्ञाची, चमत्कारिक जनावरांनी भरलेली रोजनिशीही त्याच वर्षीची. ‘आबोल ताबोल’चे पुस्तक करण्याचे ठरले, तेव्हा पानांची मांडणी आणि चित्रे त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या पुरी केली. संग्रहातली अखेरची कविताही शेवटच्या दिवसांतली आहे. तिच्यातही तोच उल्हास आहे, तीच उलटसुलट जमवाजमव आहे. फक्त अखेरीस रात्र गडद होते आणि गाणे थांबते. आपण जाणार हे त्यांना ठाऊक होते. मुलांपासून त्यांनी ते लपविले नाही, आणि त्याचा बाऊही केला नाही.

रवींद्रनाथांचा त्यांच्यावर पुत्रवत लोभ होता. शेवटच्या आजारात ते भेटीस आले आणि रोग्याच्या इच्छेप्रमाणे उशाशी बसून त्यांनी आपली गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी गडपारच्या घरीच सुकुमारांनी देह ठेवला. वय छत्तिसासही पोहोचले नव्हते. त्यानंतर नवव्या दिवशी, १९ सप्टेंबरला, ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. ज्याने पान न पान आखले होते, त्याला बांधलेले पुस्तक हाती धरावयास मिळाले नाही.

येथे बहुतेक लोक त्यांची कथा संपवितात. महिला मंडळाच्या स्मरणिकेत मात्र ती येथे संपवून चालणार नाही. सुप्रभादेवींच्या पदरी त्या वेळी सव्वादोन वर्षांचा मुलगा होता. धाकटे दीर सुविनय यांनी ‘संदेश’ आणि छापखाना काही काळ चालविला. पण धंदा कर्जात बुडाला आणि काही वर्षांतच गडपारचे घर सोडावे लागले. सुप्रभादेवी मुलाला घेऊन भवानीपुरास भावाकडे राहावयास गेल्या. भावाचे घर प्रेमाचे होते, तरी त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे ठरविले. लेडी अबला बोस यांनी विधवांसाठी काढलेल्या विद्यासागर वाणी भवन या संस्थेत त्या शिवणकाम शिकवू लागल्या. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे यांनी हिंगण्यास आश्रम काढला, त्याच जातीची ही संस्था. रोज कलकत्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसने जावयाचे आणि आपल्यासारख्याच दैवाने गांजलेल्या बायकांच्या हाती सुई-दोरा द्यावयाचा, असे त्यांचे काम होते.

मुलाला शाळेत घालीपर्यंत, म्हणजे त्याच्या वयाच्या आठव्या वर्षानंतरही काही महिने, त्यांनीच घरी शिकविले. त्या शिवणकाम उत्तम करीत, मातीच्या मूर्ती घडवीत, गात. मुलाने शांतिनिकेतनात जाऊन चित्रकला शिकावी, हा आग्रहही त्यांचाच. पुढे ‘पथेर पांचाली’ पैशावाचून अडकून पडला, तेव्हा ओळखीतल्या एका बाईंमार्फत मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र रायांपर्यंत गाऱ्हाणे पोहोचविण्याची वाट सुप्रभादेवींनीच काढली. १९५५ साली तो चित्रपट पुरा झालेला त्यांनी पाहिला. १९६० साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी सत्यजितांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने ‘संदेश’ पुन्हा सुरू केला. मुलांना वेड लावणारे प्रोफेसर शंकू आणि फेलूदा यांनी त्याच ‘संदेश’मध्ये प्रथम पाऊल टाकले. वडिलांवर त्यांनी १९८७ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, एक छोटा माहितीपटही केला.

‘आबोल ताबोल’ला २०२३ साली शंभर वर्षे झाली. अजूनही बंगाली घरांतून ते पुस्तक मुलाच्या वाढदिवसाला देतात आणि आधी घरातली मोठी माणसेच वाचून काढतात. बंगाली लिपी न येणाऱ्या भगिनींसाठी त्यातल्या बऱ्याच कवितांची इंग्रजी रूपांतरे मिळतात. सत्यजितांनी स्वतः केलेलीही आहेत. ज्या भगिनींना मुलांसाठी लिहिण्याची हौस आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातले, आपल्या आळीतले एखादे भूत निवडा. त्याला नाव द्या, जमल्यास एक आई द्या, आणि त्याची फजिती करा. मात्र त्याला इजा होऊ देऊ नका. अशा चार-दोन कविता जमल्या, तर बालविभागाच्या पुढच्या हस्तलिखितात त्यांना पहिले पान देण्याचे मी कबूल करते. दिवे घालवून त्या मुलांपुढे वाचण्याचे कामही माझ्याकडे.